ब्रिटनमधला छोटा मराठी मॅस्टोडॉन सर्व्हर आणि वयाचा कायदा : कामाच्या नोंदी

आधी थोडक्यात काय आहे ते. मी रेडिंगला, माझी को-मॉडरेटर ताई लेस्टरला, आम्ही दोघं मिळून मराठी लोकांसाठी एक मॅस्टोडॉन सर्व्हर चालवतो. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नाही, जो तो आपापला सर्व्हर चालवतो आणि ते एकमेकांशी जोडलेले असतात. अकाउंट तीनशेच्या आसपास, रोज लिहिणारे पन्नास-साठ, बाकीचे फक्त वाचतात आणि गणपतीत जागे होतात. बहुतेक ब्रिटनमध्ये, थोडे पुणे-मुंबई-नाशिक, दोन-चार मेलबर्न. सर्व्हर जर्मनीतल्या डेटा सेंटरमध्ये, फोटोंची स्टोरेज धरून महिन्याला वीस-बावीस पाउंड, तेही वर्गणीतून निघतात कधी नाही निघत. जाहिराती नाहीत, कंपनी नाही, दोघांनाही दिवसाची नोकरी आहे. आमच्यासारखे छोटे सर्व्हर चालवणारे बरेच जण विचारत होते म्हणून काम करता करता लिहून ठेवलंय. मी वकील नाही, हे कोर्टात दाखवू नका.

१८ डिसेंबर २०२४

परवा, १६ तारखेला, ऑफकॉमने (ब्रिटनची दूरसंचार आणि प्रसारणावर देखरेख करणारी संस्था) ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्टचे बेकायदेशीर मजकुराबद्दलचे कोड, म्हणजे पाळायचे नियम, काढले आणि त्याच दिवशी एलएफजीएसएस, म्हणजे लंडनच्या फिक्स्ड गिअर सायकलवाल्यांची जुनी साइट, चालवणाऱ्या माणसाने जाहीर केलं की १६ मार्चला सगळं बंद करतोय. त्याच्याच प्लॅटफॉर्मवर आणखी तीनशेएक छोट्या कम्युनिटी आहेत. एकटा माणूस, एवढी जोखीम घ्यायला तयार नाही. खोटं का बोला, वाचून पोटात गोळा आला.

कायदा २०२३ च्या ऑक्टोबरचा आहे, आम्ही त्याला 'फेसबुकवाल्यांचा कायदा' समजून बाजूला ठेवला होता. आता नीट वाचलं तर खालची मर्यादाच नाही. ब्रिटनमधले ७० लाखांपेक्षा जास्त युजर म्हणजे 'मोठी सर्व्हिस', त्याखालचे सगळे एकाच टोपलीत, साठ लाखवाला पण आणि आमचे तीनशे पण. सर्व्हर जर्मनीत आहे याचाही उपयोग नाही, युजर ब्रिटनचे असले की झालं. दंड १.८ कोटी पाउंडपर्यंत किंवा जगभरच्या उत्पन्नाच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल ते. आमच्या उत्पन्नाचे १० टक्के म्हणजे महिन्याला दोन पाउंड, त्यामुळे आम्हाला पहिला आकडा लागू.

ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "अरे, आधी वाचू तरी, बंद करायला काय, एक बटण आहे." बरोबर आहे. तारखा भिंतीवर लावल्या, १६ मार्चपर्यंत बेकायदेशीर मजकुराची रिस्क असेसमेंट लिहून तयार पाहिजे.

१९ जानेवारी २०२५

१६ तारखेला ऑफकॉमने वय तपासणीची गाइडन्स काढली. त्यात 'अतिशय परिणामकारक' ठरू शकतील अशा पद्धती दिल्यात: फोटो आयडी आणि चेहरा जुळवणे, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, ओपन बँकिंग (बँकेकडून वयाची खात्री), मोबाइल कंपनीकडून तपासणी, क्रेडिट कार्ड, डिजिटल आयडी, ईमेलवरून अंदाज. "मी १८ वर्षांचा आहे" असा चेकबॉक्स चालत नाही, ते स्पष्ट लिहिलंय.

मी सरळ धरून चाललो की आपल्याला यातलं काहीतरी बसवावं लागणार, म्हणून शनिवार-रविवार वय तपासून देणारे व्हेंडर शोधण्यात घातला. तीन ठिकाणी फॉर्म भरला. एकाने उत्तरच दिलं नाही. एकाने महिन्याचं मिनिमम बिल सांगितलं ते आमच्या आख्ख्या वर्षाच्या सर्व्हर खर्चापेक्षा जास्त, प्रत्येक तपासणीचे पैसे वेगळे. तिसऱ्याची सेल्सची बाई गोड बोलली, मेंबर किती विचारलं, तीनशे म्हटल्यावर "तीनशे हजार ना?" आणि मग कॉल पाच मिनिटांत संपला.

पैशाचं सोडा. आपले लोक या पद्धतींमध्ये बसतात का ते बघायला डेमो ताईंच्या घरी चालवून पाहिला. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा, कॅमेऱ्याने त्याला पंचविशीच्या आतला ठरवला आणि आयडी मागितलं, कारण डेमोमध्ये सेफ्टी मार्जिन तसं लावलेलं. ठीक आहे. खरा घोळ आई-बाबांचा. आमच्याकडे उन्हाळ्यात व्हिजिटर व्हिसावर येणारे आई-वडील, सासू-सासरे हे सगळ्यात जास्त लिहिणारे मेंबर आहेत, दुपारी घरी एकटे असतात. त्यांच्याकडे इथलं बँक अकाउंट नाही म्हणजे ओपन बँकिंग गेलं, भारतातलं सिम म्हणजे इथल्या मोबाइल कंपनीची तपासणी गेली, क्रेडिट कार्ड बहुतेकांकडे नाहीच. चेहऱ्याचा कॅमेरा चालेल, पण फोन जुना असेल तर तोही अडतो. मग राहिला पासपोर्ट. एका काकांना विचारून बघितलं, "काका, पासपोर्टचा फोटो काढून द्याल का?" तर म्हणाले, "बाळा, माझा पासपोर्ट मी एजंटलासुद्धा झेरॉक्सवर सही मारून देतो, तुझ्या त्या कवितेच्या ग्रुपला कशाला?" ७२ वर्षांच्या माणसाला मी १८ पूर्ण असल्याचा पुरावा मागतोय.

२ फेब्रुवारी २०२५

छोटं काम पण राहून जातं म्हणून लिहितो. लोकांचा डेटा ठेवता म्हणजे आयसीओची (ब्रिटनचं डेटा संरक्षणाचं कार्यालय) डेटा प्रोटेक्शन फी लागते का ते तपासा, त्यांच्या साइटवर प्रश्नावली आहे. छोट्यांसाठी ४० पाउंड होती, १७ फेब्रुवारीपासून ५२ होतेय. आम्ही आधीच भरून टाकली. डायरेक्ट डेबिटला ५ पाउंड सूट.

हे करताना लक्षात आलं की आयडी गोळा करायला लागलो तर हा सगळा भाग दहापट वाढतो, वेगळी इम्पॅक्ट असेसमेंट, कुठे ठेवलं, किती दिवस, कोण बघतं, फुटलं तर काय. आत्ता आमच्या डेटाबेसमध्ये ईमेल, आयपी आणि लोकांच्या पोस्ट आहेत, बस्स. मला झोप लागते त्याचं कारण तेच आहे.

१५ मार्च २०२५

झालं एकदाचं. उद्याची डेडलाइन.

कोणाला करायचं असेल तर: सतरा प्रकारचा बेकायदेशीर मजकूर आहे, दहशतवाद, मुलांचं लैंगिक शोषण, फसवणूक, ड्रग्ज, शस्त्रं, द्वेष, छळ वगैरे, प्रत्येकासाठी आपल्याकडे हे होण्याची शक्यता किती, झालं तर नुकसान किती, आणि कशाच्या आधारावर म्हणताय, हे लिहायचं. ऑफकॉमच्या साइटवर छोट्यांसाठी प्रश्नोत्तरांचं टूल आहे ते वापरा. आम्ही आधी ते न वापरता पीडीएफ वाचत बसलो, शेकडो पानं आहेत, दोन वीकेंड गेले आणि माझा पहिला ड्राफ्ट चाळीस पानांचा झाला. ताईंनी तो वाचून विचारलं, "यात आपल्या सर्व्हरबद्दल कुठे आहे?" नव्हतंच. सगळी कायद्याचीच भाषा उलटी करून लिहिलेली. फेकला. दुसरा ड्राफ्ट नऊ पानांचा, त्यात फक्त आमच्याकडे काय घडलं ते: आतापर्यंत आलेले सगळे रिपोर्ट काढले, त्यात स्पॅम सगळ्यात जास्त, मग क्रिप्टोवाले, मग दोन जुनी भांडणं (एक पुरणपोळी की कटाची आमटी आधी यावरून सुरू झालेलं, पुढे जातीवर गेलं, ते आम्ही काढलं होतं). हा पुरावा. एवढंच पाहिजे असतं.

लो रिस्क छोट्या सर्व्हिससाठी करायच्या गोष्टी फार नाहीत: जबाबदार माणसाचं नाव ठरवणं (ताई म्हणाल्या तूच), कळलं की मजकूर पटकन काढता येणं, तक्रार करायची सोपी सोय, नियम वाचता येतील असे लिहिणं, बंदी घातलेल्या संघटनांची अकाउंट उडवणं. मॅस्टोडॉनमध्ये बरंचसं आहेच.

अडलं ते तक्रारीवर. रिपोर्टचं बटण फक्त लॉगिन केलेल्याला दिसतं. पण कायद्यात बाहेरच्या माणसालाही, म्हणजे मेंबर नसलेल्याला, तक्रार करता आली पाहिजे. मग 'विषयी' पानावर वेगळा ईमेल टाकला. ताईंनी टेस्ट मेल केला तो आलाच नाही, आमच्या मेल प्रोव्हायडरच्या स्पॅममध्ये पडला होता, आणि त्याच्या शेजारी जानेवारीपासूनचा एक खरा मेल, कोणीतरी आपला फोटो काढायला सांगत होतं. फोटो लगेच काढला, माफीचा मेल केला. आता तक्रारीच्या पत्त्यावर स्पॅम फिल्टर बंद, रोजचा कचरा हाताने झाडतो.

दुसरा न सुटलेला भाग म्हणजे फेडरेशन, सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असणं. आमच्या मेंबरने जपानमधल्या कोणाला फॉलो केलं की त्याचे फोटो आमच्या डिस्कवर येऊन बसतात. ते आमच्या सर्व्हिसवरचे की त्याच्या? आम्ही सरळ 'आमचे' धरले, म्हणजे वाद नको. मीडिया कॅश सात दिवसांवर आणली, पोर्न आणि असल्या सर्व्हरच्या डोमेनची ब्लॉकलिस्ट सीएसव्हीने इम्पोर्ट केली. फायदा असा की डिस्क अर्धी रिकामी झाली, बिल थोडं उतरलं. कायद्याने दिलेली एवढी एकच भेट.

एलएफजीएसएस ठरल्याप्रमाणे बंद पडणार नाही असं दिसतंय, लोक चालू ठेवतायत. पण हॅम्स्टर पाळणाऱ्यांची एक साइट बंद झाली. हॅम्स्टर!

१३ एप्रिल २०२५

१६ तारखेपर्यंत 'मुलं इथे येऊ शकतात का' ही असेसमेंट. दोन पायऱ्या आहेत. पहिली, मुलांना येणं शक्य आहे का? 'नाही' फक्त तेव्हाच लिहिता येतं जेव्हा ती वरची परिणामकारक वय तपासणी बसवलेली असेल. म्हणजे आमचं 'हो'. दुसरी पायरी, मुलं लक्षणीय संख्येने आहेत का किंवा यायची शक्यता आहे का. लक्षणीय म्हणजे किती, आकडा नाही. छोटी संख्यासुद्धा लक्षणीय असू शकते असं गाइडन्स म्हणते आणि शंका असेल तर 'हो' धरा.

इथे आम्हाला शंका नव्हतीच. रविवारच्या मराठी शाळेतली पोरं आहेत ना. दोन वर्षांपूर्वी एका बाईंनी कल्पना काढली की मुलांनी आठवड्याला मराठीत चार ओळी इथे लिहायच्या, आई-वडिलांनी अकाउंट काढून दिले. "आज आमच्या कडे बर्फ पडला आणि मी पडला" अशा पोस्ट. सर्व्हरवरचा सगळ्यात गोड कोपरा तोच आहे आणि कागदावर सगळ्यात धोकादायक पण तोच.

पण हे लिहिताना डोक्यात प्रकाश पडला आणि जानेवारीत व्हेंडरमागे घातलेला वेळ फुकट गेला असं कळलं. वय तपासणी प्रत्येकाला सक्तीची नाहीये. पोर्न, आत्महत्या, स्वतःला इजा, खाण्याचे विकार, या चार प्रकारच्या मजकुराला तुम्ही परवानगी देत असाल तर मुख्यतः ती येते. आम्ही देतच नाही. म्हणजे दोन रस्ते: सगळ्यांचं वय तपासा आणि 'इथे मुलं नाहीत' म्हणा, किंवा 'हो, मुलं आहेत' असं कबूल करा आणि जागा मुलांना चालेल अशी आहे हे दाखवा. दुसरा रस्ता स्वस्त आहे, फक्त त्यासाठी फीचर कापावे लागतात. आम्ही दुसरा घेतला. २४ जुलैपर्यंत मुलांची वेगळी रिस्क असेसमेंट.

छोटा सर्व्हर चालवणाऱ्या सगळ्यांना हेच सांगतोय, व्हेंडरला फोन करायच्या आधी हे दोन रस्ते कागदावर काढा.

१२ जुलै २०२५

मॅस्टोडॉन ४.४ आलं, ८ तारखेला. यात अ‍ॅडमिनला किमान वय लावता येतं, नवीन माणसाला जन्मतारीख विचारते, वय मोजते आणि तारीख टाकून देते, साठवत नाही. मला हे आवडलं. ऑफकॉमच्या हिशोबाने ही तपासणी नव्हेच, नुसतं स्वतः सांगणं आहे, पण नियमात १३ लिहिलंय तर दाराशी १३ विचारायला काय हरकत.

अपग्रेडने मात्र शनिवार खाल्ला. ४.४ ला पोस्टग्रेस १३ आणि रेडिस ६.२ (दोन्ही डेटा ठेवायची सॉफ्टवेअर) किंवा त्याच्या पुढचं लागतं. आमच्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम उबुंटू २०.०४, त्यात पोस्टग्रेस १२ आणि रेडिस ५. म्हटलं ठीक आहे, २२.०४ वर जाऊ. गेलो. पोस्टग्रेस १४ मिळालं, रेडिस ६.०. म्हणजे अजूनही कमी! तोपर्यंत दुपारचे तीन वाजलेले, साइट बंद, नाशिकहून एक आजी ईमेल करतायत की "काय रे बंद केलंस का शेवटी". शेवटी २४.०४ ची नवीन मशीन घेतली, डेटाबेस डंप करून तिकडे रिस्टोअर केला, डीएनएस फिरवला, रात्री अकराला चालू. तुम्ही २०.०४ वर असाल तर मधल्या पायऱ्या चढू नका, सरळ नवीन मशीन घ्या. एक महिना दोन्हीचं भाडं भरलं, तेवढं चालतं.

आणखी एक: किमान वय लावलं की एपीआयमधून (अ‍ॅप सर्व्हरशी ज्या वाटेने बोलतात ती) साइनअप करताना जन्मतारीख पाठवावीच लागते, जुन्या मोबाइल अ‍ॅपना ते माहीत नाही, त्यामुळे तिथून नवीन अकाउंट काढताना नुसती एरर येते. 'विषयी' पानावर लिहून टाकलं की ब्राउझरमधून नोंदणी करा. आणि हे फक्त नव्यांना, जुन्या तीनशेंचं वय आम्हाला अजूनही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

२० जुलै २०२५

काय काय कापलं:

नोंदणी खुली होती ती अप्रूव्हलवर, कारण लिहावं लागतं. लॉगिन नसलेल्याला सार्वजनिक टाइमलाइन बंद. प्रोफाइल डिरेक्टरी बंद. ट्रेंड्स पूर्ण बंद. मोठमोठ्या सर्व्हरपैकी जिथे मॉडरेशन ढिलं आहे त्यांचा मीडिया नाकारला. कायद्याच्या कलमापेक्षा यामागचा विचार साधा, अनोळखी मोठा माणूस अनोळखी मुलापर्यंत कुठून कुठून पोचू शकतो ते एकेक दार शोधायचं आणि लावायचं.

खाजगी मेन्शनवर, म्हणजे खाजगी मेसेजवर, अडलो. मॅस्टोडॉनमध्ये कोणीही कोणालाही खाजगी मेन्शन पाठवू शकतो, दुसऱ्या सर्व्हरवरूनसुद्धा. ४.३ पासून न मागता आलेल्या खाजगी मेन्शन गाळून बाजूला ठेवायची सोय आहे, पण अ‍ॅडमिनला ती दुसऱ्याच्या अकाउंटवर पॅनलमधून लादता येत नाही, ज्याचं त्याने बघायचं. रेल्स कन्सोलमधून, म्हणजे सर्व्हरवर थेट कमांड देऊन, मुलांच्या अकाउंटवर लावता येईल असं मी म्हटलं, ताई म्हणाल्या की मग 'मुलं कोणती' याची यादी आपल्याला ठेवावी लागेल, आणि ती यादी फुटली तर? त्यांचं बरोबर होतं. मुलांचं रक्षण करायला मुलांची यादी करायची, यासारखा उलटा उद्योग नाही.

मग शाळेच्या बाईंशी आणि पालकांशी झूमवर बसलो. ठरलं ते असं: तेराच्या आतली अकाउंट बंद, त्यांच्या ओळी आई-वडिलांनी आपल्या अकाउंटवरून टाकायच्या. तेराच्या वरच्यांनी अकाउंट लॉक करायचं आणि मेन्शनची गाळणी पालकांनी स्वतः बसून लावायची, आम्ही स्क्रीनशॉट काढून दिले. एक बाबा चिडले, "अहो, व्हॉट्सअ‍ॅपवर हीच पोरं काय काय बघतात आणि तुम्ही इथे बर्फावरचं वाक्य बंद करताय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

असेसमेंट लिहून झाली, सात पानं, तारीख टाकून दोघांच्या सह्या.

२६ जुलै २०२५

काल मुलांचे नियम लागू झाले. आमच्याकडे काहीच घडलं नाही. बाहेर धमाल चालू आहे, व्हीपीएनची अ‍ॅप इथल्या अ‍ॅप स्टोअरच्या यादीत वर, आणि कुठल्याशा व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून पोरं वय तपासणी पास करतायत. हीच ती अतिशय परिणामकारक पद्धत ज्यासाठी मी जानेवारीत क्रेडिट कार्ड हातात घेऊन बसलो होतो.

३० ऑगस्ट २०२५

गणपतीचे दिवस, सर्व्हरवर आरत्या आणि मोदकांचे फोटो, आणि मी बसलोय अमेरिकेतल्या मिसिसिपीचा कायदा वाचत. १४ तारखेला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा थांबवायला नकार दिला, एचबी ११२६, सगळ्याच युजरचं वय तपासा, अठराच्या आतल्यांना पालकांची संमती, चुकलं तर एकेका उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत दंड. एका न्यायाधीशाने सोबत लिहिलंय की कायदा बहुधा घटनाबाह्य ठरेल, पण तूर्त चालू. ब्लूस्काय या ट्विटरसारख्या नेटवर्कने २२ ला आख्खं राज्यच ब्लॉक केलं. ड्रीमविड्थ, जे खूप जुनं आणि छोट्या टीमचं ब्लॉगिंग संकेतस्थळ आहे, ते १ सप्टेंबरपासून करतंय. मॅस्टोडॉनची मूळ संस्था म्हणते की आमच्याकडे वय तपासायची यंत्रणाच नाही, प्रत्येक सर्व्हरने आपापलं ठरवावं. म्हणजे मी.

आमचा मिसिसिपीत कोणी मेंबर असल्याचं माहीत नाही. तरी जिओब्लॉक (जागेवरून लोकांना अडवणं) करता येतो का ते टेस्ट मशीनवर करून पाहिलं, उद्या आणखी कुठलं राज्य उठेल म्हणून. आयपीवरून जागा सांगणारा फुकटचा जिओआयपी डेटाबेस, एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये नियम. दोन गोष्टी लगेच तुटल्या.

एक, आयपीवर ब्लॉक लावला की त्या भागात होस्ट केलेले दुसरे सर्व्हरसुद्धा अडतात, कारण त्यांच्या पोस्ट आपल्या इनबॉक्सला त्याच दारातून येतात. टेस्टला मी ब्रिटन ब्लॉक करून बघितलं तर ब्रिटनमधल्या मित्राच्या सर्व्हरकडून येणारं सगळं ४०३ (प्रवेश नाही) ही एरर खाऊन परत. इनबॉक्सचे पाथ नियमातून वगळावे लागतात, मग ठीक चालतं.

दोन, माणूस कुठे आहे ते आयपीवरून कळतच नाही. सध्या आलेल्या सासूबाई भारतीय सिमच्या रोमिंगवर आहेत, त्यांचा डेटा भारतातून फिरून येतो, त्यामुळे रेडिंगमध्ये माझ्या सोफ्यावर बसून त्या भारतात आहेत. राज्याच्या पातळीवर तर आणखी बेभरवशाचं, ब्लूस्कायनेच सांगितलं की मोबाइल कंपन्यांच्या राउटिंगमुळे मिसिसिपीबाहेरचे लोकही अडकू शकतात. आम्ही जिओब्लॉक लावला नाही. नियम लिहून फाइलमध्ये ठेवलाय.

१२ ऑक्टोबर २०२५

डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपने या महिन्यात सांगितलं की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी आयडीचे फोटो बाहेर गेले असावेत, आयडी बऱ्याच जणांनी वयाच्या तक्रारीसाठीच दिलेलं. त्यांच्याकडे सिक्युरिटीची माणसं आहेत, वकील आहेत. त्या पासपोर्टवाल्या काकांना बातमी पाठवली, त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

तिकडे ऑफकॉमचा रोख 'छोट्या पण धोकादायक' साइटवर आहे असं एकंदर दिसतं, आमच्यासारख्यांची दारं कोणी वाजवलेली नाहीत. खरं सांगायचं तर एवढा कागद करूनही तो आजवर कोणी मागितला नाही.

आता तोट्याचं. जुलैपासून नवे मेंबर जवळपास बंद झालेत. आधी महिन्याला आठ-दहा यायचे, सार्वजनिक टाइमलाइनवर मराठी दिसलं म्हणून, ब्रॅडफर्डला वाढलेला पंचविशीचा पोरगा असाच आला होता, घरी मराठी बोलतात पण लिहिता येत नाही म्हणून. आता बाहेरून कोरं पान दिसतं, अर्ज करायला लागतो, कारण लिहायला लागतं, आणि दोन दिवस थांबायला लागतं. कोण थांबतं? कागदावर आम्ही सुरक्षित झालो त्याचं निम्मं कारण आम्ही लहान झालो हे आहे, आणि मोठ्या कंपन्यांना असं लहान व्हावं लागत नाही, त्या व्हेंडरचं बिल भरून मोकळ्या होतात.

टाइमलाइन परत उघडायची का यावर ताईंशी वाद झाला. त्या नको म्हणतात. सध्या तडजोड अशी की मोठ्यांनी स्वतः मागितलं तर त्यांच्या निवडक पोस्ट आम्ही एका साध्या पानावर लावतो, हाताने. पंधरवड्यातून एकदा जमतं.

२३ नोव्हेंबर २०२५

भारताचे डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण) नियम आले, १४ तारखेच्या आसपास. कायदा २०२३ चा. आम्हाला का बघावं लागतं तर भारतातल्या लोकांना सेवा देता म्हणजे भारताबाहेर बसून डेटा हाताळलात तरी लागू. तिथे मूल म्हणजे १८ च्या आतलं, आणि पालकांची संमती 'पडताळता येईल' अशी हवी, डिजिलॉकरच्या टोकनसारख्या मार्गाने. मुलांचं ट्रॅकिंग, त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती बंद, ते आम्ही तसंही करत नाही. मुलांबद्दलच्या चुकीला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. बहुतेक जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमाराला.

म्हणजे तोच सर्व्हर, लेस्टरची चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या नावाने लिहू शकते, आणि सुट्टीत पुण्याला आजीकडे गेलेली तिची मामेबहीण पालकांच्या कागदाशिवाय नाही. मॅस्टोडॉनमध्ये किमान वय एकच टाकता येतं, देशाप्रमाणे नाही. १८ टाकलं तर शाळेची पोरं बाहेर. १३ ठेवलं तर भारतातल्यांसाठी वेगळी काहीतरी युक्ती लागेल. सध्याची युक्ती: अप्रूव्हल करताना अर्जात कुठून आहात विचारतो, भारतातून असेल आणि कारण शाळकरी वाटलं तर "आई-बाबांच्या अकाउंटवरून लिही" असं कळवतो. हे टिकणारं नाही, पण दीड वर्ष आहे.

डिजिलॉकरचं टोकन घ्यायची यंत्रणा मॅस्टोडॉनमध्ये कोणी बांधतंय का? भारतातल्या सर्व्हरवाल्यांनी आत्ताच बोलायला लागा, मे २०२७ ला एकदम जागं होऊ नका.

१४ डिसेंबर २०२५

ऑस्ट्रेलियाचा १० तारखेला लागू झाला, सोळाच्या आतल्यांना सोशल मीडिया अकाउंटच नाही, दंड ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. नावानिशी घेतलेले सगळे मोठेच आहेत, फेसबुक, इन्स्टा, टिकटॉक, यूट्यूब, रेडिट वगैरे, पण आकारावर सूट नाही, आपलं आपण ठरवायचं की आपण त्यात येतो का. मेलबर्नच्या चारही मेंबरांना मी ओळखतो, सगळ्यात तरुण एक्केचाळीस वर्षांचे. एका पानात तसं लिहून फाइलला लावलं.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर रोख फार गेला नाही, आयसीओची फी आणि दुसऱ्या मशीनचा एक महिना. वेळ गेला तो मोजलेला नाही, पण नवीन काही बांधलं नाही वर्षभरात. मराठी शोध नीट चालावा म्हणून जे काम डिसेंबर २०२४ मध्ये अर्धं होतं ते अजून तितकंच आहे.

पुढचं काम: रिस्क असेसमेंट बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासायच्या असतात, म्हणजे बेकायदेशीर मजकुराची मार्चच्या मध्यापर्यंत, मुलांची जुलैपर्यंत. टाइमलाइन उघडली तर त्याआधीच, कारण मोठा बदल करण्यापूर्वी असेसमेंट लागते. ताई फेब्रुवारीत पुण्याला जातायत त्यामुळे जानेवारीत उरकतो. आमची नऊ पानं आणि सात पानं कोणाला नमुना म्हणून हवी असतील तर देतो, सर्व्हरवर अकाउंट काढून मागा. अर्जात कारण लिहा, दोन दिवस लागतील.